नूरजहांच्या परतीच्या वाटेवर

आमच्या जुन्नरमध्ये १६२७च्या नोव्हेंबर महिन्यात एक हरकारा येऊन पोचला होता. बनारसी त्याचं नाव. राजौरीच्या डोंगरातून निघून सुमारे वीस दिवसांत त्याने जुन्नर गाठलं. पत्र लिहायला सवड नव्हती, म्हणून आसफ खानाने खूण म्हणून आपली मुद्रा त्याच्याजवळ दिली होती. निरोप एवढाच, की बादशहा जहांगीर वारले, आता उशीर करू नका. त्या वेळी शहाजहान जुन्नरला राहत होता. बापाविरुद्धचं बंड फसलं होतं, दरबारात परतायची सोय नव्हती आणि निजामशाही मुलखातलं आमचं गाव त्याच्या आसऱ्याचं ठिकाण झालं होतं. इथूनच तो आग्र्याच्या तख्ताकडे निघाला.

हा किस्सा मी आजवर किती वेळा सांगितला असेल, मोजदाद नाही. शाळांतल्या व्याख्यानांत सांगितला, सौदागर घुमट बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगितला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्यांनाही सांगितला. पण बनारसी जिथून धावत सुटला ते दुसरं टोक मी कधी पाहिलेलं नव्हतं. यंदा जूनच्या अखेरीस पत्नीबरोबर काश्मीरला जायचं ठरलं तेव्हा मी हट्टच धरला. जम्मूहून सगळे जातात त्या बनिहालच्या बोगद्यातून नाही, राजौरीवरून जुन्या मुघल रस्त्याने जाऊ आणि पीर पंजालच्या खिंडीत गाडी सोडून थोडं पायी उतरू.

पत्नीची एकच अट होती. मला दमा आहे. इन्हेलर माझ्या खिशात राहणार नाही, तिच्या पर्समध्ये राहील. आणि ती ‘बसा’ म्हणाली की बसायचं.

ही वाट काही मुघलांनी शोधलेली नाही, मेंढपाळ आणि मिठाचे व्यापारी तिच्यावरून फार आधीपासून चालत. १५८६ साली काश्मीर अकबराच्या ताब्यात आलं आणि तीन वर्षांनी तो स्वतः तिकडे निघाला, तेव्हा कासिम खानाला पुढे पाठवून ही वाट रुंद करून घेतली. अबुल फजलने तीन हजार पाथरवट आणि दोन हजार बेलदार लावल्याचा आकडा दिला आहे. पुढे शंभरेक वर्षं बादशाही लवाजमा उन्हाळ्यात याच वाटेने वर चढे आणि थंडीच्या तोंडावर उतरे. आजचा डांबरी मुघल रोड बफलियाजपासून शोपियांपर्यंत ८४ किलोमीटरचा आहे. हिवाळ्यात तो बर्फाने बंद असतो.

एक गोष्ट मात्र जम्मूहून निघेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. जहांगीर शेवटच्या वेळी काश्मीरहून खाली उतरत होता आणि आम्ही खालून वर चढत होतो. म्हणजे आम्हाला आधी त्याचा मृत्यू लागणार, मग मृत्यूचं निमित्त, आणि सगळ्यात शेवटी खिंड.

नौशेऱ्याच्या पुढे राजौरीच्या रस्त्यावर चिंगस येतं. रस्त्याला लागूनच सराई आहे. दगडी भिंती, आत मोठं अंगण, छोटी मशीद आणि एक कबर. या कबरीची कथा तिथला कुणीही सांगतो. जहांगीर वाटेत मेला. वारसाहक्काचा गोंधळ उडू नये म्हणून नूरजहांने बातमी दाबली. देह टिकावा म्हणून आतडी काढून इथे पुरली आणि बादशहाला हत्तीवर बसता करून, जणू तो जिवंत आहे असं दाखवत, लाहोरकडे नेलं. चिंगस म्हणजे फारसीत आतडी, असंही वर सांगतात.

ही कथा मीही सांगत आलो आहे. काही वर्षांपूर्वी जुन्नरच्या एका कार्यक्रमात चांगली रंगवून सांगितली होती. ‘कावेबाज’ हा शब्द मी नूरजहांसाठी वापरला होता आणि श्रोते हसले होते. पत्नी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसलेली होती. सराईच्या अंगणात तिने त्याची आठवण करून दिली आणि विचारलं, हे कुठं लिहिलेलं आहे?

ती उर्दू शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका होती. प्रश्न विचारून गप्प बसायची तिला सवय आहे.

खरं सांगायचं तर माझ्या माहितीतल्या समकालीन तवारिखांत हे कुठंच नाही. फारसीत आतड्याला ‘रूदा’ म्हणतात, ‘चिंगस’ नव्हे. जुन्या तवारिखांत या मुक्कामाचं नाव ‘चंगेज हटली’ असं येतं, म्हणजे नाव आधीचं आणि आतड्यांची गोष्ट नंतर त्याला चिकटलेली दिसते. देह काही दिवस टिकवायचा तर असं काही केलं असेलही. पण हत्तीवरचं नाटक आणि नूरजहांचा कावा मात्र घडलेल्या घटनांशी जुळत नाही. २८ ऑक्टोबर १६२७ या दिवशी बादशहाने डोळे मिटले आणि त्याच क्षणी तिच्या हातातलं सगळं सुटलं. तिचा जावई शहरयार आजारपणामुळे आधीच लाहोरला गेला होता. सख्ख्या भावाला, आसफ खानाला तिने पुन्हा पुन्हा बोलावणी पाठवली, तो सबबी सांगत राहिला. आसफ खान हा शहाजहानचा सासरा, मुमताज महलचा बाप. त्याने जुन्नरकडे हरकारा पिटाळला, दावर बख्श या खुस्रोच्या मुलाला तात्पुरता बादशहा म्हणून उभं केलं आणि बहिणीभोवती पहारा बसवला. नवऱ्याचा देह लाहोरला निघाला तेव्हा ती कैदेत होती.

बातमी दाबायला तिला वाव तरी कुठं होता? कावा झाला तो भावाचा होता, आणि त्याला आपण मुत्सद्दीपणा म्हणतो. मीही तेच म्हणत आलो आहे, कारण त्या मुत्सद्दीपणाची बातमी माझ्या गावात पोचली होती.

राजौरीत रात्र काढून दुसऱ्या दिवशी ठाणा मंडीवरून बफलियाज, आणि तिथून बहरामगला. इथे नूरी छंब नावाचा धबधबा आहे. पाणी अरुंद घळीतून असं काही कोसळतं, की पन्नास पावलांवरच अंग भिजून जातं. नाव नूरजहांवरून पडलं असं म्हणतात. ती इथे स्नान करायची, शृंगारासाठी कड्यात आरसा बसवलेला होता वगैरे. बायकांच्या नावाच्या जागी आरसा आणि हमाम यांच्यापलीकडे आपल्या लोककथा जात नाहीत. रायगडापासून मांडूपर्यंत सगळीकडे ‘राणीचा’ हौद तरी असतो नाहीतर महाल तरी.

जहांगीरने मात्र बहरामगल्याजवळच्या धबधब्याबद्दल स्वतः लिहून ठेवलं आहे. १६२०च्या शरद ऋतूत काश्मीरहून परतताना तो तिथे थांबला, बसून मद्याचे प्याले घेतले, डोळे भरून पाणी पाहिलं आणि आपण इथून गेल्याची तारीख दगडावर कोरून लावायला सांगितली. लिहिण्याच्या बाबतीत हा माणूस वेगळाच होता. त्या वर्षी तो पहिल्यांदा बादशहा म्हणून काश्मीरचा वसंत पाहत होता. फुलं पाहून त्याने उस्ताद मन्सूरला चितारायला बसवलं आणि मन्सूरने काढलेल्या फुलांची संख्या शंभरावर गेल्याची नोंद केली. सारस पक्ष्यांचं वागणं, झाडाचा घेर, तलावाची खोली, सगळं तो मोजतो आणि लिहितो. दारू आणि अफू किती घेतो तेही लपवत नाही.

त्याच १६२०च्या दसऱ्याच्या दिवशी काश्मीरमध्ये आपल्याला श्वास अडल्यासारखं वाटलं, हेही त्याने लिहिलंय. दम्याची ती सुरुवात. पुढच्या वर्षी दुखणं बळावलं, हकीम थकले. तेव्हा नूरजहांने सूत्रं हाती घेऊन त्याचे प्याले हळूहळू कमी केले, आणि तिचं कौशल्य व अनुभव हकिमांपेक्षा सरस आहे अशी कबुली बादशहाने आत्मचरित्रात दिली. हे वाक्य मी पत्नीला वाचून दाखवलं. तिने इन्हेलर बाहेर काढून दाखवला.

पण बहरामगला हे शेवटच्या प्रवासातलंही गाव आहे. १६२७च्या उन्हाळ्यात काश्मीरच्या हवेनेही गुण दिला नाही. घोड्यावर बसवेना, पालखीतून फिरत. चाळीस वर्षांची अफू सुटली, अन्नावरची वासना गेली. परतताना बहरामगल्याला मुक्काम पडला तेव्हा बादशहाला शिकारीची इच्छा झाली. कड्याखाली बंदूक टेकवून त्याला बसवलं, गावकऱ्यांनी हरणं वर कड्यावर हाकून आणायची, असा बेत. गोळी लागलेलं हरीण कड्यावर अडकलं. त्याच्यामागे गेलेल्या एका प्याद्याचा पाय निसटला आणि तो बादशहाच्या डोळ्यांसमोर खाली कोसळून मेला.

मुतमिद खानाने ‘इक्बालनामा’त हा प्रसंग नोंदवला आहे. आयुष्यभर हजारो जनावरं मारलेला, माणसांना कठोर शिक्षा फर्मावलेला बादशहा त्या एका प्याद्याच्या मरणाने हादरला. त्याने त्या पोराच्या आईला बोलावून घेतलं, पैसे दिले, समजूत घातली. पण त्याच्या स्वतःच्या जिवाला स्वस्थता लाभली नाही. जणू मलकुल मौतच त्या रूपात दिसून गेला. बहरामगल्याहून ठाणा, ठाण्याहून राजौरी. वाटेत प्याला मागवला, ओठांना लावला, घोट उतरला नाही. राजौरीच्या पुढच्याच मुक्कामात सारं संपलं.

धबधब्याच्या आवाजात ओरडून मी हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, त्या आईचं नाव?

नाव नाही. प्याद्याचंही नाही. किती पैसे दिले तेही मला आठवत नव्हतं. पत्नी थोडा वेळ कड्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, “मी असते तर पैसे घेतले नसते. पण तिला नको म्हणता आलं असतं का, तेही आहेच.”

पोशानाच्या पुढे रस्ता वळणं घेत चढू लागतो. झाडं मागे पडतात, कुरणं सुरू होतात, आणि साडेअकरा हजार फुटांवर पीर की गली. खिंडीत पीरबाबांची दर्गाह आहे, गाड्या थांबतात, लोक सलाम करून पुढे जातात. आम्ही फातिहा पढलो. ड्रायव्हरला गाडी पुढे घेऊन अलियाबादच्या सराईपाशी थांबायला सांगितलं आणि डांबरी रस्ता सोडून कुरणातल्या पायवाटेला लागलो.

जूनअखेर असूनही उतारांच्या सावलीत बर्फाचे मळके पट्टे शिल्लक होते. त्यांच्या कडेला पाणी झिरपत होतं आणि जिथे झिरपत होतं तिथे फुलं. पिवळी, जांभळी, आणि गवतात डोकं खाली घालून उभी असलेली बारीक निळी. मला एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. सह्याद्रीतली रानफुलं मी ओळखतो, तेरडा, सोनकी, कारवी सांगू शकतो. इथे निरक्षर होतो. मन्सूरला इथे का बसवलं असेल ते कळलं.

पलीकडच्या उतारावरून बकरवालांचा कळप येत होता. पुढे शेळ्या-मेंढ्या, मधे सामानाने लादलेले घोडे, एका घोड्यावर कोंबड्या आणि त्यांच्याच मागे बांधलेलं झोपलेलं लेकरू. उन्हाळ्यात वर, थंडीत खाली. बादशहांचंही हेच वेळापत्रक होतं, आणि ते बादशहांनी यांच्याकडूनच उचललेलं असणार. कळपाबरोबरच्या म्हातारीने पत्नीला काहीतरी विचारलं. गोजरी होती ती, उर्दूच्या अंगाने थोडी समजली. हा तुझा मालक एवढा का धापा टाकतोय, असा प्रश्न होता. दोघी हसल्या. मी बसलो.

बसल्या जागेवरून दोन्ही बाजू दिसत होत्या. बर्नियेने वर्णन केलेला अपघात याच चढणीवरचा. औरंगजेबाच्या काश्मीर प्रवासात पुढचा एक हत्ती बिचकून मागे सरला, त्याने मागच्याला ढकललं, आणि असे पंधरा हत्ती, जनान्यातल्या बायका वाहून नेणारे, खाली कोसळले. बायका बहुतेक वाचल्या, तीन-चार दगावल्या. हत्ती एकही वर काढता आला नाही. दोन दिवसांनी तिथून जाताना काही हत्ती अजून सोंड हलवत होते, असं तो लिहितो. ‘बेगमांचे विलासी उन्हाळी दौरे’ म्हणून आपण जे वाचतो ते अशा वाटेवरचे होते. मुघल बायकांचं आयुष्यच वाटेवरचं. नूरजहांचा जन्म कंदाहारजवळ, आईबाप इराण सोडून हिंदुस्थानकडे येत असताना. मुमताज महल गेली ती बुऱ्हाणपूरला, मोहिमेवरच्या मुक्कामात, चौदाव्या बाळंतपणात.

“मग तिने काय लिहिलं?” पत्नीने विचारलं.

“कुणी?”

“नूरजहांने. तो फुलं लिहितो, धबधबा लिहितो, दमा लिहितो. सोळा वर्षं ती बरोबर होती. तिने काय लिहिलं?”

१६११ला लग्न, १६२७ला मृत्यू, हिशेब बरोबर होता. मी सांगितलं ते असं. तिच्या नावाची नाणी आहेत. तिच्या मोहरेची फर्मानं आहेत. काही शेर तिच्या नावावर सांगतात, खात्री नाही. आग्र्याला तिने बापाची कबर बांधली, पंजाबात नूरमहलची सराई बांधली. प्रवासाबद्दल, खिंडीबद्दल, नवऱ्याबद्दल तिचं स्वतःचं एक पानही माझ्या माहितीत नाही. बरं, जहांगीरचंही लेखन १६२२ला थांबतं. तब्येतीने हात चालेना, मग मुतमिद खान दोन वर्षं त्याच्या सांगण्यावरून लिहीत राहिला, १६२४पर्यंत. म्हणजे शेवटच्या तीन वर्षांचं दोघांपैकी कुणाचंच काही नाही. आहे ते इतरांचं, आणि त्यातलं बरंचसं शहाजहान तख्तावर आल्यानंतर लिहिलेलं. मुतमिद खानाचा ‘इक्बालनामा’सुद्धा त्याच काळातला. हरलेल्या बाईबद्दल त्या दरबारात कोण चांगलं लिहिणार?

तरी त्यातूनही काही गोष्टी डोकावतात. १६२६च्या मार्चमध्ये काबूलला जाताना झेलमच्या काठी महाबत खानाने जहांगीरला ताब्यात घेतलं. नूरजहां तेव्हा नदीपलीकडे निसटली होती. तिने सरदारांना खडसावलं, फौज जमवली आणि हत्तीवर बसून स्वतः पाण्यात शिरली. अंबारीत शहरयारची तान्ही मुलगी, म्हणजे तिची नात, बरोबर होती. बाण अंबारीपर्यंत आले. हल्ला फसला. यानंतर ती सुरक्षित ठिकाणी निघून जाऊ शकली असती. ती परत आली आणि नवऱ्याबरोबर कैदेत राहिली, आणि काही महिन्यांत आतूनच माणसं फोडून दोघांची सुटका करून घेतली. हा प्रसंग शत्रुपक्षाच्या लेखकांनाही गाळता आला नाही.

“हे सांगितलं नव्हतं तुम्ही जुन्नरला,” ती म्हणाली.

नव्हतं सांगितलं. वेळ कमी होता असं मी तेव्हा म्हटलं असतं.

उतार सोपा होता, तरी दोन-अडीच तास लागले. अलियाबादची सराई लांबूनच दिसते. ओसाड डोंगरात चौकोनी दगडी आवार, ढासळलेल्या खोल्यांची रांग. ही जहांगीरनंतरची, शहाजहानच्या काळातली, अली मर्दान खानाच्या नावाने ओळखली जाते. ज्या दोघांमागे आम्ही चालत होतो त्यांनी ही पाहिलेली नाही. तरी सावली होती, म्हणून भिंतीला टेकून डबा उघडला. राजौरीहून घेतलेल्या रोट्या आणि बटाट्याची सुकी भाजी.

पुढे तिचं काय झालं, हा शेवटचा प्रश्न. शहरयारला आंधळं केलं आणि मग मारलं, दावर बख्शचाही काटा काढला. ते हुकूम शहाजहानने वाटेतून, म्हणजे जुन्नर सोडल्यावर, पाठवले. नूरजहांला वर्षाला दोन लाखांचा तनखा बांधून दिला. विधवा लेक लाडली बेगमबरोबर ती लाहोरला राहिली, अठरा वर्षं. १६४५च्या डिसेंबरमध्ये वारली. जहांगीरला लाहोरजवळ शाहदऱ्याला, तिच्याच दिलकुशा बागेत पुरलं होतं.

“म्हणजे दोघं शेजारी आहेत?”

जवळ आहेत, शेजारी नाहीत. तिचा मकबरा वेगळा, लेकही तिथेच. जहांगीरच्या आवाराला लागून पश्चिमेला आसफ खानाचा मकबरा. त्याच्या पलीकडे इंग्रजांनी टाकलेली रेल्वेलाईन, आणि लाईनीच्या पलीकडे नूरजहां. नवरा-बायकोच्या मधे भाऊ आणि आगगाडी. शाहदरा आता पाकिस्तानात, मी ते फोटोंत आणि नकाशावर पाहिलेलं आहे.

तिने रोटीचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळला. जुन्नरला पुढच्या वेळी तो बनारसीचा किस्सा सांगाल तेव्हा, ती म्हणाली, चिंगसपासून सुरू करा.

खाली रस्त्यावर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शोपियां अजून बरंच लांब होतं आणि ढग खिंडीवर उतरू लागले होते. ती उठली, पर्स खांद्याला लावली, आणि मला उठायला हात दिला.